चतुरोपासक

निवृत्तिवेतन सुरू होताच मनुष्याच्या ठायी जे नवे व्यासंग उत्पन्न होतात, त्यांपैकी तीर्थयात्रा, गृहसंस्थेचे चिटणीसपद आणि होमिओपॅथी या तिघांना समाजाने पूर्वीच मान्यता दिलेली आहे. परंतु अलीकडे त्यांच्या पंक्तीस चौथा एक व्यासंग येऊन बसला असून, त्याने ग्रासलेले गृहस्थ पावसाळा सरत आला की पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठी, भर उन्हात, चिखलावर पोट टेकून निजलेले आढळतात. त्यांना मी चतुरोपासक म्हणतो. उडत्या चतुराचे, आणि केवळ उडत्याच चतुराचे, छायाचित्र घेणे हे त्यांचे जीवितकार्य होय.

बसलेला चतुर त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो. एखादा लालबुंद चतुर अगदी हाताच्या अंतरावरील काडीवर येऊन बसला, उन्हाचा ताप अंगावर कमीत कमी पडावा म्हणून पोटाचे टोक थेट सूर्याकडे रोखून शीर्षासन केल्यासारखा स्थिर राहिला, आणि शेजारचा नवशिका हर्षभराने कॅमेरा सरसावू लागला, तरी आमचे उपासक मान वळवून म्हणतात, “बसलेला काय, कोणीही काढील!” ज्यांची उभी हयात जमाबंदीच्या दफ्तरात एकाच खुर्चीवर बसून गेली, त्यांना बसण्याचा इतका तिटकारा केव्हापासून आला, हे मात्र त्यांच्या सेवापुस्तकावरून कळत नाही. (चतुराचे जे शेपूट आपण समजतो ते त्याचे पोटच असते, ही दुरुस्ती त्यांनीच मला तीन वेळा सुनावली आहे; मात्र त्याच पोटाला बालपणी यांनी दोरा बांधला होता की नाही, या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत.)

या उपासनेचे शास्त्र तसे अगदीच निराधार नाही. नर चतुर हा जातीचा वतनदार. काठालगतचा काही हातांचा पट्टा आपला मुलूख ठरवून तो त्यावर गस्त घालतो, हद्दीत दुसरा नर शिरल्यास त्याला हुसकावून लावतो, आणि बंदोबस्त झाल्यावर पुष्कळदा पूर्वीच्याच ठिकाणी परतून क्षणभर अधांतरी थबकतो. चतुरोपासकांची सारी मदार या शिरस्त्यावर असते. कॅमेऱ्याला आपल्या मर्जीने फोकस करू दिले तर तो चतुराला सोडून पलीकडच्या लव्हाळ्यांवर लुब्ध होतो. म्हणून लेन्सचे कडे हाताने फिरवून, जिथे चतुर येईल अशी वहिवाट आहे त्या रिकाम्या हवेवरच आगाऊ फोकस करायचा, शटरचा वेग १/२००० सेकंदावर ठेवायचा आणि श्वास रोखून पडून राहायचे. इतके केल्यावर वतनदार येतो, ठरल्या जागी थबकतो, आणि चारही पंख निरनिराळे हलवण्याची विद्या व डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे, हजारो बारीक नेत्रिकांचे दोन डोळे जवळ असल्यामुळे, उपासकाचे बोट हलण्यापूर्वी वीतभर मागे सरून निघून जातो. छायाचित्रात पाणी येते, पाण्यातले आभाळ येते, आणि उजव्या कोपऱ्यात एका पंखाचे, सूक्ष्म शिरांच्या जाळीसह अत्यंत रेखीव असे, टोक येते.

असली टोके त्यांच्या संग्रही हजारोंनी आहेत, आणि त्यांतले एकही रद्दबातल करण्याचा हुकूम त्यांच्या हातून निघत नाही. घरी गेलेल्या पाहुण्याची यातून सुटका नसते. “हा पाहा!” म्हणून ते संगणकाच्या पडद्याकडे बोट करतात. पाहुणा नम्रपणे विचारतो, “कुठे?” “आत्ताच गेला,” असे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की पाहुण्याला आपणच उशिरा आल्याची शरम वाटते. वहिनी स्वयंपाकघरातून “अहो, त्यांचा चहा निवतोय,” असा हस्तक्षेप करतात. पण तोवर प्रकरण फ्रेझरसाहेबांवर गेलेले असते. फौजेतल्या या डॉक्टराने हिंदुस्थानातील चतुर व टाचणी या कीटकांवर १९३३ ते १९३६ या काळात तीन खंड प्रसिद्ध केले, आणि त्यांच्यापाशी असला कॅमेरा नव्हता, या दोन गोष्टी आमचे उपासक एका श्वासात सांगतात.

त्यांची खरी भक्ती मात्र पँटाला या पिवळसर भटक्या जातीवर आहे, कारण ती दिवसा फारशी बसतच नाही. पावसाळ्यात मैदानावर घिरट्या घालणारे तिचे थवे पुढे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. ही हकिकत ते अशा ऐटीत सांगतात, की त्या चतुरांचे परवाने यांच्याच सहीशिक्क्याने निघाले असावेत. न्यायबुद्धीने एवढे नमूद केले पाहिजे, की बँकेच्या रांगेत पाच मिनिटे उभे राहताच व्यवस्थापकाकडे फिर्याद नेणारा हा मनुष्य एका काडीच्या वरच्या रिकाम्या हवेकडे दोन-दोन तास टक लावून पडतो, कानावरचा डासही हाकलत नाही, आणि घरी परतताना, हाती काही लागलेले नसूनही, विलक्षण खुशीत असतो. ही खुशी मला नोकरीतल्या त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसली नव्हती.

गेल्या वैशाखात त्यांच्या पुतणीचे लग्न निघाले, तेव्हा घरात एवढा मोठा कॅमेरा असता बाहेरचा माणूस कशाला, असा काटकसरीचा विचार होऊन छायाचित्रणाची कामगिरी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. वधूवर खुर्च्यांवर बसलेले होते तोवर यांनी कॅमेऱ्याचे झाकणही काढले नाही. मंगलाष्टके सुरू होताच मात्र ते मांडवाच्या खांबाशी गुडघे टेकून तैनात झाले आणि शेवटच्या ‘सावधान’पर्यंत त्यांचे बोट विसावले नाही. तो अल्बम मी पाहिला आहे. त्यात हवेत अधांतरी असलेल्या अक्षतांचा दाणा न् दाणा, त्यावरच्या कुंकवासकट, स्पष्ट उमटला असून, मागे दोन धूसर आकृती आहेत. त्यांपैकी डावीकडची नवरी असावी, असे वरपक्षाने शालूच्या रंगावरून तूर्त मान्य केले आहे.