शस्त्रपूजा

पहिलं वैयक्तिक वेबपान बांधायला नोटपॅड आणि मोजके टॅग पुरतात. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमधलं जगातलं पहिलं संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं केलं. त्यात नुसता मजकूर आणि दुवे होते. बिचाऱ्यांना टेम्प्लेट मिळालं नसावं!

नवशिक्याला मात्र आधी हत्यारं लागतात. पूर्वी वाद असे तो फ्रंटपेज की ड्रीमवीव्हर. फ्रंटपेज एवढं कष्टाळू, की साध्या दोन ओळींमागे न मागितलेला कोड भरभरून देई. जिओसिटीजवर पानासाठी जागा फुकट मिळे, म्हणून तिथे सरकत्या पाट्या, लुकलुकणारी अक्षरं, पाहुणे मोजणारा काउंटर आणि फावडं मारणारा ‘काम चालू आहे’वाला कामगार. मराठीत लिहिलंच, तर युनिकोडपूर्व काळात वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा. नाहीतर चारोळीच्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरं. चारोळी कधीकधी या गोंधळाने सुधारायचीही.

आता रिअ‍ॅक्ट, नोड, गिटहब. स्वतःचं नाव आणि एक फोटो झळकवायला हजारो फायली संगणकात उतरतात. डार्क मोडही तयार असतो. ‘माझ्याविषयी’वर टिचकी मारली, की उत्तर येतं: लवकरच.