दाजींची टेस्टिंग

आमचे दाजी सांगलीला असतात आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर पाडतात. बनवतात नव्हे, पाडतात. अनेकांना एकाच वेळी एकाच पानावर लिहिता येतं ते सॉफ्टवेअर किती माणसांच्या भाराखाली आणि किती भिकार नेटवर कोलमडतं, हे शोधायचा त्यांना पगार मिळतो. स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाले होते, "मुलगा चुका काढतो." आजी म्हणाली, "जावई झाला की काढणारच की."

वस्तू चालते याचा दाजींना आनंद होत नाही. साताऱ्याला आले असताना आईने नवा मिक्सर दाखवला, तर "चालू असताना लाइट जाऊन परत आली तर?" म्हणत यांचा हात मेन स्विचकडे. स्वतःचेच सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारं 'केऑस मंकी' हे साधन नेटफ्लिक्सने 2012 साली सगळ्यांना खुलं केलं. त्या माकडावर दाजींचा फार जीव. आईची मालिका ऐन रंगात आलेली असताना त्यांनी राउटरची पिन उपटली. "आपोआप परत जोडतंय का बघत होतो." जावयाला बोलता येत नाही, म्हणून आईने मला बोलून घेतलं.

'सरासरी' हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. "सरासरी पावसावरनं आयर्विन पुलाचं पाणी कळतंय होय? 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठं होती तुमची सरासरी?" नव्व्याण्णव जणांचं अक्षर चटकन उमटलं आणि शंभराव्याचं चार सेकंद अडकलं, तर दाजी शंभराव्याच्या बाजूने भांडतात. हे मात्र मला मनापासून पटतं.

धाकट्याचं लग्न ठरलं आणि आमंत्रणाची यादी दाजींनी आपल्या सॉफ्टवेअरवर घेतली. "कंपनीत खोटी माणसं सोडतो पाचशे. पण ती एकमेकांवर रुसत नाहीत." साताऱ्यात मी, सांगलीत ताई, कराडात मावशी असे बसलो. फोनवर हुकूम सुटला, "पाव्हणं, इंग्रजीत सगळं पास होतंय. 'क्ष' आणा कुठंतरी." आपल्याला एक दिसणारा क्ष यंत्राच्या लेखी क, हलन्त आणि ष असा तिघांचा संसार असतो. यादीत 'शिक्षक काका' होते. मी पुढे 'श्री.' घातलं, त्याच क्षणी ताईने मागे 'सपत्नीक' जोडलं. माझं 'श्री.' म्हणजे यंत्राच्या मोजणीत पाच खुणा. तेव्हा ताईचं लिखाण पाच घरं पुढे सरकवायला हवं, नाहीतर 'सपत्नीक' शिक्षकांच्या पोटात. ही सरकवासरकवी एलिस आणि गिब्ज या दोघांनी 1989 साली अमेरिकेत मांडली. शिक्षक बचावले. दाजींनी सुस्कारा सोडला, तो सुटकेचा नव्हता.

मग मावशीला नेट बंद करून लिहायला सांगितलं. तिने संधी साधून निम्मी भावकी उडवली. नेट लागताच ती साताऱ्यातल्या स्क्रीनवरूनही गेली. दाजी खूश, आमचे वडील लालबुंद. नावं परत घालता घालता रात्र झाली.

"आता तिन्हीकडं एकच यादी दिसते?" दाजींनी विचारलं.

"एकच."

"म्हणजे तिन्हीकडं सारखंच चुकलं असणार."

आणि निघालंच. आत्याचं नाव राहिल्याचं ताईला आणि मला एकदमच आठवलं होतं. दोघांनी लिहिलं आणि सॉफ्टवेअरने इमानदारीत दोघांचंही ठेवलं. आत्या सगळीकडे दोनदा. दाजींचा चेहरा असा फुलला, की बोहल्यावरही इतका फुलला नव्हता. स्क्रीनशॉट तडक कंपनीला गेला. त्या आनंदात एक आत्या खोडायची राहून गेली आणि पत्रिका दोन पोचल्या.

तिसऱ्या दिवशी आत्याचा आईला फोन. "वहिनी, पहिल्या पत्रिकेनं काय राग गेला नव्हता हो. दुसरी आली, तेव्हा गेला."