राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १००

शिरपूरहून सुटलेली धुळ्याची एस.टी. सावळदेच्या पुलावर येते, तेव्हा कंडक्टरची अवस्था पंगत बसल्यावर भात करपलेल्या आचाऱ्यासारखी असते. आगार सोडून जेमतेम काही मिनिटं झालेली, निम्मी तिकिटं बाकी, मागच्या दाराशी कोंबडी घेऊन बसलेला म्हातारा कोंबडीचं तिकीट लागतं का म्हणून विचारतोय. आमच्या गल्लीतल्या आप्पांनी कंडक्टर म्हणून या पुलावरून चौतीस वर्षं ये-जा केली आणि तापी एकदाही पाहिली नाही. जाताना तिकिटं राहिलेली असत, येताना वेबिल.

मान वर केलीच, तर त्यांना दिसे खिडकीबाहेर गेलेला एखाद्या बाईचा हात. "सुटे नाहीत हो भाऊ," असं मघाशीच शपथेवर सांगणारी हीच बाई पूल लागला की पदराची गाठ सोडी, नेमकं नाणं काढी, कपाळाला लावी आणि तापीमाईला अर्पण करी. आप्पा म्हणतात, "तापीच्या तळाशी जेवढे सुटे आहेत, त्यांतले चार आणे जरी माझ्या बॅगेत पडले असते, तरी माझी निम्मी भांडणं वाचली असती."

आमच्याकडे निवृत्त माणसाला साधारण तीन वाटा असतात. पहिली, पहाटे कानटोपी घालून हायवेच्या कडेनं फिरायला जाणं आणि न फिरणाऱ्यांची कीव करणं. दुसरी, प्लॉट. स्वतःचा विकायचा नसतो, दुसऱ्याचा घ्यायचा नसतो. पण भाव माहीत असावा लागतो. तिसरी आणि सर्वांत मानाची, नर्मदा परिक्रमा. परिक्रमेहून आलेलं जोडपं रस्त्यानं निघालं की लोक चपला काढतात. आप्पांना तीही वाट बंद होती. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते आणि आप्पांनी तर जन्मभर नदी ओलांडण्याचाच पगार घेतलेला.

अशा वेळी सरकार मदतीला आलं. २०१६ साली केंद्रानं कायदा करून देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यांत हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतची तापी निघाली: राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १००, लांबी ४३६ किलोमीटर. नदीकाठच्या गावांनी ही बातमी वाचून कागद भज्यांखाली घेतला. आप्पांनी तो कापून घडी घालून पाकिटात ठेवला, ऑर्डर निघाल्यासारखा. त्याच रात्री त्यांनी होडीनं तापीतून समुद्रापर्यंत जायचं ठरवलं आणि हिशेब केला. एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा. ४३६ भागिले सहा, म्हणजे ७३ टप्पे. "फक्त त्र्याहत्तर?" ते मला म्हणाले. "अरे, यापेक्षा जास्त तर मी रोज करत होतो."

अडचण एकच होती. आमचा तालुका नावाजला तो पाणी अडवण्यासाठी. सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद केले, बंधारे बांधले आणि 'शिरपूर पॅटर्न' बघायला लांबलांबून माणसं आली. जिथं वाहतं पाणी दिसलं की लोकांचे हात बांधायला शिवशिवतात, तिथं या गृहस्थांना पाण्यातून वाट पाहिजे! तापीवर तर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकाखाली एक बॅरेज. पुढे गुजरातेत उकाई, काकरापार. बॅरेजला दारं आहेत. पण ती पाण्यासाठी. आप्पांना त्याचंही काही वाटलं नाही. "रस्त्यावर टोलनाके नसतात का? उतरायचं, पलीकडे जायचं, दुसरी होडी धरायची. थाळनेर ते सुलवाडे पहिला हप्ता."

आता राहिल्या आप्पांच्या मंडळी, म्हणजे जिजी.

जिजींना पोहता येत नाही. शिवाय त्यांचा शास्त्राधार पक्का होता. गंगेत स्नान करावं लागतं, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, तापीचं मात्र नुसतं स्मरण पुरतं, हे खान्देशात पोरंसोरंही सांगतात. "तापीनं नुसतं स्मरण कयं तरी पाप जास," जिजी म्हणाल्या. "मग मी वट्टावर बठीसन स्मरण करसू. तुम्ही जा." वर पुस्ती जोडली, की ती सूर्याची मुलगी, शनीची सख्खी बहीण, तिच्या अंगाखांद्यावर भाकऱ्या थापायला जाणं हे काही खरं नाही.

आप्पांनी मग मोठ्या दुनियेचा दाखला दिला. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून 'गंगा विलास' नावाची बोट निघाली होती. ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर, बांगलादेशातून थेट दिब्रुगडपर्यंत. साहेबलोक जोडीजोडीनं बसले होते. जिजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्या बोटीवर भांडी कोण घासतं?" आप्पा गप्प. अखेर तडजोड झाली. भांडी आप्पा घासतील; आणि एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तर इथेही जिजींना कामं अर्धीच.

दिवाळीनंतर, बॅरेज भरलेलं असताना, थाळनेरहून प्रस्थान झालं. वीसेक फुटांची मासेमारीची होडी, वर ताडपत्री, मागे भोईभाऊ. आप्पांच्या कमरेला एस.टी.च्या टायरची जुनी ट्यूब. जिजी होडीच्या बरोब्बर मधोमध, जणू देवघरातला देव. थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. किल्ल्याचे पडके बुरूज अजून नदीकडे तोंड करून उभे आहेत. ते पाहून आप्पांना स्फुरण चढलं आणि त्यांनी तान घेतली. जिजी म्हणाल्या, "निदान लताबाईंच्या आजोळी तरी गाऊ नका." (थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ. शिरपूर तालुक्यातल्या माणसाला ही गोष्ट सांगितल्यावाचून नदी ओलांडता येत नाही, म्हणून मीही सांगून घेतली.)

आपण सगळे निवृत्त होतो. पण खुर्ची सुटते, खोड सुटत नाही. मास्तर नातवाची हजेरी घेतो, फौजदार दूधवाल्याचा जबाब घेतो. आप्पांनी तासाभरात त्या होडीची एस.टी. केली. आडव्या फळ्यांवर खडूनं आसनक्रमांक टाकले. पहिली फळी आमदारांसाठी राखीव ठेवली. आमदार काही आले नाहीत, त्यामुळे तीन दिवस तिथं वांग्यांची पिशवी बसून होती. जिजींनी पाण्यात बोटं बुडवली की हे ओरडत, "हात बाहेर काढू नये!" काठावर कोणी बाई धुणं धूत दिसली तरी 'विनंती थांबा' समजून होडी कडेला घ्यायला लावत. रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वेबिल भरत: निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, उशिराचं कारण. उशिराच्या कारणात तिन्ही दिवस एकच शब्द होता: 'भरीत'.

ते कारण मात्र खरं होतं. संध्याकाळी होडी काठाला बांधली की जिजी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत, त्यांच्या जाळात हिरवी वांगी भाजत, बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचत. सोबत कळण्याची भाकर आणि कांद्याची पात. तो वास पाण्यावरून असा पसरे, की पलीकडच्या तीरावरचा एक कोळी जाळं टाकायचं सोडून "रामराम" करायला आला आणि जेवून गेला. अर्ध्या कामाची अट जिजी पहिल्याच रात्री विसरल्या. भांडी घासण्याची अट मात्र आप्पा विसरले, ते जिजींना बरोबर आठवलं.

घरी या दोघांचं भांडण शिस्तीत चालतं. जिजी स्वयंपाकघरात जातात, आप्पा ओट्यावर येतात, मध्ये दोन खोल्यांचं अंतर राहतं आणि त्या अंतरावरच संसार पस्तीस वर्षं उभा आहे. होडीत खोल्या कुठल्या? दुसऱ्या दिवशी मिठाच्या पुडीवरून वाजलं. जिजी तोंड फिरवून उजव्या काठाला जाऊन बसल्या. आप्पा बाणेदारपणे डाव्या काठाला. होडी इतकी समतोल, इतकी झकास चालली, की भोईभाऊनं बिडी पेटवली. दोन तास असे सुखाचे गेले. मग आप्पांना राहवेना. ते उठले, हळूच जाऊन जिजींच्या शेजारी टेकले. होडी भस्सकन उजवीकडे कलली, आमदारांच्या जागेवरचं एक वांगं जलमार्गी लागलं आणि भोईभाऊ ओरडला, "आप्पा, तुम्ही दोन्ही भांडेलच बरा!"

नवल घडलं ते जिजींचं. पोहता न येणारी ही बाई दुसऱ्या दिवसापासून मधोमध बसेनाशी झाली. खंड्या पाण्यात सूर मारतो तो कुठल्या फांदीवरून, उन्हं तिरपी झाली की पाणी आधी कुठं तांबूस होतं, काठावर गाळाच्या जमिनीत कुणाचा हरभरा चांगला आलाय, हे त्या भोईभाऊला सांगू लागल्या. पस्तीस वर्षं खिडकीतून गल्ली बघण्याचा सराव होता, तो कामाला आला. बघण्याचीही सवय लागते. आप्पांना मोजण्याची लागलेली. ते वेबिलात टप्पे लिहीत आणि नदी जिजींच्या बाजूनं वाहत राही.

तिसऱ्या दिवशी सावळदेचा पूल दिसू लागला. आप्पा सकाळपासून दाढी करून तयार. चौतीस वर्षं ज्या पुलावरून नदी राहिली, त्याच पुलाखालून ती आज डोळे भरून पाहायची होती. त्यांनी वेबिल बंद केलं, पेन खिशाला लावलं, ट्यूब नीट केली. जिजी परातीत पीठ मळत होत्या. होडी पुलाच्या सावलीत शिरली. पाणी शांत, काळंशार, खांबांभोवती बारीक भोवरे.

आणि वरून एक नाणं आलं. सरळ परातीत. टण्ण!

जिजींनी पिठातून पाच रुपयांचं नाणं उचललं. आप्पांचा चेहरा असा झाला, जणू चौतीस वर्षांची थकबाकी मंजूर झाली. "सुटा!" ते पुटपुटले आणि त्यांनी हात पुढे केला. जिजींनी नाणं पदराला पुसलं, कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडून दिलं. "दुसऱ्याचा नवस आहे," एवढंच म्हणाल्या.

आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. नाणं गेलं त्याचं दुःख बाजूला सारून ते मान वर करून, हात कपाळाशी धरून पुलाकडे पाहत होते. वरून एस.टी. धडधडत गेली. होडी पुलाखालून उन्हात आली, पूल मागे पडला, तरी मान तशीच.

"देखी का नदी?" जिजींनी विचारलं.

"आपलाच आगारनी गाडी व्हती," आप्पा समाधानानं म्हणाले. "बारा मिनिटं लेट."

त्या संध्याकाळचं वेबिल मी पाहिलं आहे. सावळदे पुलासमोर शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलंय: 'नदी पाहणे बाकी.' त्यामुळे दुसरा हप्ता अजून सुरू झालेला नाही. सारंगखेडा, प्रकाशा, उकाई आणि खंभातचं आखात वाट बघताहेत. यंदाही दिवाळीनंतर होडी थाळनेरहूनच निघणार आहे. तयारी जिजी करताहेत. त्यांनी वांगी सांगून ठेवली आहेत आणि पहिली फळी, आमदारांची, या वेळी स्वतःसाठी राखून ठेवली आहे. तिथून नदी चांगली दिसते म्हणे.