फुकट देताय, खरं कशाला?

गिऱ्हाइकाला नुसते बघायला न लावता त्याच्याकडून काहीतरी करून घेणाऱ्या जाहिरातीला परस्परसंवादी जाहिरात म्हणतात. हे 'काहीतरी' म्हणजे मिस्ड कॉल देणे, कूपन भरणे, सेल्फी काढणे किंवा कंपनीच्या माणसाने दिलेली टोपी घालून उन्हात उभे राहणे. गिऱ्हाईक एकदा सहभागी झाले की त्याला मालाविषयी आपुलकी वाटू लागते, असा या शास्त्राचा सिद्धांत आहे. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या बाजूला असलेल्या बेळगुंदीत आणि एकूणच महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हा सिद्धांत अर्धाच लागू पडतो. सहभाग भरपूर मिळतो. टोप्या तर घरातल्या चौघांच्या नावाने मागून घेतल्या जातात. आपुलकी मात्र टोपीविषयी वाटते.

या विद्येचा उगम मुंबईच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या एजन्सीत शोधायची पद्धत आहे. बेळगावकराने तो किर्लोस्कर रोडवर शोधावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची सुरुवात १८८८ची धरतात आणि ती झाली सायकलींनी. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल पाठवत आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा ती बेळगावात विकत. किंमत सातशे ते हजार रुपये. एवढे पैसे मोजणाऱ्याला सायकल चालवता येत असेलच असे नव्हते, म्हणून रामूअण्णा शिकवणीही घेत. तिचे पंधरा रुपये वेगळे. सायकल शिकणारा माणूस पडतो आणि पडलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, हे दोन्ही नियम तेव्हाही लागू होते. म्हणजे जाहिरातीचा खर्च शून्य, वर पंधरा रुपये जमा. आजच्या भाषेत याला 'एक्स्पीरिअन्शियल मार्केटिंग' म्हणतात आणि त्याचे बिल लाखात येते.

पुढे किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा मात्र गिऱ्हाईक पुढे येईना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. नांगराच्या बाबतीत शेतकरी फलक वाचत नाही, तो शेजारचे रान बघतो. शेजाऱ्याच्या रानात एक हंगाम जाईपर्यंत तो बांधावर उभा राहून "बघू की" एवढेच म्हणतो. या दोन शब्दांनी जितका माल पडून राहिला, तितका खराब मालामुळेही राहिला नसेल. १९१० साली बेळगावच्या नगरपालिकेला जागा हवी झाली, म्हणून कारखाना हलवावा लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाकडे रस्त्याचे नाव राहिले.

वाडीत १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे घरगुती पत्रक. १९२९पासून त्याचे नाव 'किर्लोस्कर' झाले, १९३० साली 'स्त्री' निघाले आणि ज्या घरात ना रान ना बैल, त्या घरातही नांगरवाल्यांचे मासिक येऊ लागले. फ्रान्सात मिशलॅन या टायर कंपनीने १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली होती. लोकांनी फिरावे आणि टायर झिजवावेत, हा हेतू. १९०३ साली सुरू झालेली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यतही एका वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठीच भरवली. पण कथा, कविता आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर वाद, एवढे सगळे नांगराच्या पाठीवर बसवून पोचवण्याचा मान किर्लोस्करवाडीलाच द्यावा लागतो.

निपाणीकडचा प्रकार वेगळा. तंबाखूचा तो मुलूख असल्यामुळे जाहिरात होती ती विडीची. विडी कारखान्याची जीप बाजाराच्या दिवशी येई. टपावर कर्णा, मागच्या बाजूला फळ्यांचा छोटा रंगमंच आणि त्यावर लुगडे नेसलेला, ओठ रंगवलेला गडी. गाणे लागले की तो नाचे. मध्येच कर्ण्यातून विडीचे नाव तीन वेळा पुकारले जाई आणि मग एकेक विडी गर्दीत उधळली जाई. वरून येणारी विडी पटक्यात झेलायची हातोटी काही म्हाताऱ्यांना साधली होती. ते गाणे संपेपर्यंत थांबत, झेललेल्या विड्या कानावर लावत आणि विकत घ्यायची वेळ आली की नेहमीच्या दुकानातून नेहमीचीच दुसऱ्या छापाची विडी घेत. हा तोटा कारखान्यांनी अनेक वर्षे सोसला. अखेर २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आली आणि नाचणारा गडी गेला. विडी आहेच.

यानंतर भिंतीचे युग येते. सिमेंट, खत, बियाणे आणि अंतर्वस्त्रे यांच्या कंपन्यांना रस्त्याकडेची भिंत लागते, आणि घरमालकाला दिवाळीआधी घर रंगवून हवे असते. दोघांची गाठ पडली की बोलणी अशी होतात :

"मामा, भिंत फुकट रंगवून देतो."

"फुकट देताय, खरं कशाला?"

"कंपनीचं नाव लिहायचं."

"लिवा की. पुढची भिंत तुमची. मागच्या दोन आमच्यासाठी मारा. आणि डब्यात उरला तर बैलांच्या शिंगांना."

हा करार कागदावर कधीच होत नाही, पण मोडत नाही. अट एकच, अंतर्वस्त्रांची जाहिरात देवळाच्या समोरच्या भिंतीवर नको. गोठ्याच्या भिंतीवर चालते.

फलकाचे शास्त्र या भागात जाहिरातीपेक्षा भूमितीला जवळचे आहे. कोल्हापूरहून येणारा महामार्ग कागलजवळ दूधगंगा ओलांडतो आणि कोगनोळीला कर्नाटक लागतो. नदीच्या अलीकडे दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पलीकडे २०२४च्या सुधारित कायद्याने पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला, आणि तोही वरचा. म्हणून कल्पक घोषवाक्य सुचण्याआधी पेंटर टेप काढतो. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी, इंग्रजी, मालकाचा मोबाइल नंबर आणि कुलदैवत बसवायचे असते. कुलदैवताला कोणी हात लावत नाही, मोबाइल नंबर तर धंद्याचा प्राण. त्यामुळे बहुतेक वेळा घोषवाक्यच कापले जाते. वाचणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही, कारण बेळगावच्या गणपत गल्लीत माल बघून घेतात, पाटी वाचून नव्हे.

मोठ्या कंपन्यांचे मोठे प्रयोग इथे बहुधा बातमी होऊनच पोचतात. २०१३च्या अलाहाबादच्या महाकुंभात एका साबणाच्या कंपनीने ढाब्यांवरच्या पोळ्यांवर तापलेल्या शिक्क्याने प्रश्न उमटवला : लाइफबॉयने हात धुतलेत का? अशा पंचवीस लाख पोळ्या वाढल्या गेल्या. जगभर वाहवा झाली, आणि ती योग्यच. जेवणाऱ्याच्या हातात, तोंडात घालायच्या नेमक्या क्षणी पोचणारी दुसरी जाहिरात दाखवता येणार नाही. बेळगुंदीत ती चालली नसती. इथे भाकरी. शिक्का मारायचा तर भाकरी फुगते, अक्षरे पापुद्र्यावर चढतात आणि पापुद्रा आधी मोडून ठेच्याला लावला जातो. शिवाय प्रश्न विचारणारी भाकरी सासूने खपवून घेतली नसती.

त्याच कंपनीने त्याच सुमारास बिहार-झारखंडात 'कान खजूरा टेसन' चालवले. लोकांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग उलटा फोन येई आणि गाणी, विनोद व त्यांच्यामध्ये साबण-शाम्पूच्या जाहिराती ऐकू येत. वीज नाही, टीव्ही नाही, पण मोबाइल आहे, अशा गावांसाठी ही युक्ती उत्तम होती. सीमाभागाला तीत नवे काही वाटले नसते. एक रिंग म्हणजे 'पोचलो' आणि दोन रिंगा म्हणजे 'मोटर बंद कर', ही सेवा इथल्या घरोघरी सुरू होती, तीही एक पैसा न मोजता आणि मध्ये साबण न लावता.

२०२१च्या दिवाळीत कॅडबरीने आणखी पुढची उडी मारली. संगणकाच्या बुद्धीने शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज घडवून, कोणत्याही छोट्या दुकानदाराला त्याच्या दुकानाच्या नावाची जाहिरात करून घेता येईल अशी सोय केली. टाळेबंदीत मार खाल्लेल्या दुकानांसाठी ती होती आणि हेतू चांगला होता. एवढ्या मोठ्या नटाने आपल्या किराणा दुकानाचे नाव घेतले, हा आनंद कुणालाही होईल. पण खेड्यातल्या किराणा दुकानाला गिऱ्हाईक कमी नसते, रोकड कमी असते. शाहरुखने दुकानात या म्हणून सांगितले. आधीची बाकी भागवून या, असे सांगायची सोय त्या संगणकात नव्हती.

फसलेल्या मोहिमांचा अभ्यास यशस्वी मोहिमांपेक्षा अधिक उद्बोधक असतो. हूवर या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीने १९९२ साली ब्रिटनमध्ये जाहीर केले की, शंभर पौंडांची खरेदी करणाऱ्याला विमानाची दोन परतीची तिकिटे मोफत. आधी युरोपची, मग थेट अमेरिकेची. तिकीट यंत्रापेक्षा महाग होते. लोकांनी यंत्रे घेतली ती तिकिटांसाठी, आणि न वापरलेली यंत्रे विकायला काढली. कंपनीच्या हिशोबात बरेच लोक अर्ज भरायचा कंटाळा करणार होते. कंपनी सुमारे पाच कोटी पौंडांना बुडाली आणि १९९५ साली तिचा युरोपातला धंदा विकला गेला. २०१८ साली रशियात डॉमिनोजने कंपनीचे चिन्ह अंगावर गोंदवून घेणाऱ्याला वर्षाला शंभर पिझ्झे, शंभर वर्षे, असे सांगितले. मोहीम दोन महिने चालायची होती; पाचव्या दिवशी आवरती घेतली, कारण गोंदवून घेणाऱ्यांची रीघ लागली. दोन्ही कंपन्यांनी योजना छापण्याआधी निपाणीच्या बाजारात एक फेरी मारली असती, तर विडी झेलणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांना सावध केले असते. फुकट म्हटल्यावर माणूस कंटाळा करील, हे गृहीत धरायला फार मोठे शिक्षण लागते.

राहता राहिला फ्लेक्स. त्याने जाहिरात कंपन्यांच्या हातातून काढून सर्वांच्या हाती दिली. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१८ साली एका प्रेमिकाने मैत्रिणीची माफी मागणारे सुमारे तीनशे फलक रातोरात लावले. तिने काय केले हे तिचे तिला माहीत, महापालिकेने मात्र चौकशी लावली. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे. वाढदिवसांवर नसल्यामुळे तिचा उपयोग बेताचाच झाला.

फ्लेक्सचे खरे आयुष्य तो उतरल्यावर सुरू होते. वळवाआधी तो गवताच्या गंजीवर चढतो, रताळ्यांच्या ढिगावर पडतो, गोठ्याच्या पावसाळी बाजूला झडप म्हणून बांधला जातो. छापील बाजू आत, पांढरी बाहेर, म्हणजे ऊन कमी लागते; त्यामुळे शीतपेयाची बाटली उंचावणारी नटी चारी महिने म्हशींकडे बघत असते. कंपनीच्या हिशोबात ही दर्शने धरलेली नाहीत. तेव्हा सीमाभागात मोहीम काढणाऱ्या सर्व कंपन्यांना एवढीच विनंती : फ्लेक्स जरा जाड घ्यावा आणि कडेला पितळी रिंगा लावून द्याव्यात. सुतळी ओवायला बरे पडते.