नरडाण्याच्या फलाटावरचा स्थितप्रज्ञ

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, "डोकं शांत ठेवा." तेच वाक्य बायकोनं दिवसातून दहादा ऐकवलं आणि माझं डोकं दहादा फिरलं. शेवटी कपाटातली 'गीता प्रवचने' काढली.

या पुस्तकावर आम्हा खानदेशकरांचा घरचा हक्क आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. म्हणजे स्थितप्रज्ञाची लक्षणं आमच्या नरडाण्यापासून तासाभराच्या वाटेवर सांगितली गेली. इतक्या जवळचा माल, लागू पडायलाच हवा!

अमळनेरला जायचं होतं. गाडीला पाऊण तास अवकाश होता. सावलीतलं बाकडं गाठून दुसरा अध्याय उघडला, तोच पांढऱ्या टोपीतले एक बाबा मांडीवर पिशवी घेऊन शेजारी टेकले.

"कथा चालनात नाना?"

"अमळनेरला."

"कोनकडे?"

"पाव्हण्यांकडे."

"काबर? कोनी आजारी शे का?"

"नाही."

"मंग काबर?"

मी पानात बोट घालून मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. सातावर पुढचा प्रश्न आला.

"काय वाची ऱ्हायनात?"

"मन शांत कसं ठेवायचं, ते."

बाबांनी मला निरखून पाहिलं. "राग उना का नाना?"

"नाही."

"तोंड लालेलाल व्हयनं, म्हनीसन इचारं."

"मला राग आलेला नाही!" मी असा ओरडलो की पलीकडच्या फलाटावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

तेव्हा कळलं, तुरुंगात एक मोठी सोय असते. तिथं 'कथा चालनात?' असं कोणी विचारत नाही. स्थितप्रज्ञानं कासवासारखी इंद्रियं आवरून घ्यावीत, असं गीता सांगते. पण कासव नरडाण्याचं असतं, तर कोणीतरी पाठीवर टकटक केलीच असती, "मझार काय करी ऱ्हायनात?"

गाडी आली. तावातावानं डब्यात चढलो, खिडकीशी बसलो. गाडी हलायच्या आत बाबा धापा टाकत खिडकीपाशी आले. बाकड्यावर राहिलेलं पुस्तक त्यांनी गजांतून आत सरकवलं. चेहऱ्यावर ना राग, ना रुसवा.

"ल्या नाना. हाई तुम्हलेच लागी."