राजाला घोड्यावरून कसे उतरवावे : नवशिक्यांसाठी

ऐतिहासिक कादंबरी लिहायची ठरवलीत आणि राहता मुंबईत, अँटॉप हिलच्या सीजीएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॉलनीत, म्हणजे निम्मं काम झालं. फक्त सायनच्या किल्ल्याकडे तोंड करून बसू नका. तिथे काही मिळणार नाही.

आधी घोडा सोडून द्या. 1871 सालच्या गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून मराठीत तो दौडतोय, दमला असेल. शमादानं, शेल्याची टोकं, ओथंबलेले डोळे हेही त्याच्यासोबत जाऊ द्या. खोकला तर मुळीच नको. 1962 साली क्षयाने गेलेल्या माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ आली तेव्हापासून जो तो आपल्या नायकाला क्षय लावू पाहतो. सगळ्यांनाच तो शोभत नाही.

आता शिकवणी जर्मनांकडे. कादंबरीकार आल्फ्रेड डोब्लिन पेशाने डॉक्टर. पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळात नोकरी करता करता त्याने ‘वालेनस्टाइन’ लिहायला घेतली. 1920 साली ती आली. नाव सेनापतीचं, पण जीव गुंतलाय सम्राट फर्डिनांडमध्ये. हा सम्राट खरा मेला 1637 साली, व्हिएन्नात. डोब्लिनने त्याला रानात नेऊन मारला. हा प्रयोग आपल्याकडे करण्याआधी विमा उतरवावा.

टोमास मानची ‘लोटे इन वायमार’ (1939) जपून वापरा. ज्याच्याबद्दल सगळे बोलत असतात तो ग्योटे थेट सातव्या प्रकरणात भेटतो. इतका उशीर केलात तर आपला वाचक पुस्तक परत करून येईल.

तुमचा खरा गुरू ब्रेख्त. परागंदा होऊन डेन्मार्कमध्ये राहत असताना त्याने ज्युलियस सीझरवर कादंबरी लिहायला घेतली आणि अर्धवट सोडली. (अर्धवट सोडणं तुम्हालाही जमेल, पण ती पुढची पायरी.) थोर पुरुषाचं चरित्र लिहायला एक भाविक लेखक निघतो. हाती लागते सीझरच्या गुलाम चिटणिसाची, रारुसची, रोजनिशी. तीत धन्याची कर्जं, सावकार, जमिनींचे सौदे आणि मधूनमधून रारुसच्या स्वतःच्या प्रेमाची रड. युद्ध कुठेतरी लांब चाललेलं.

असे रारुस तुमच्या जिन्यात मजल्यागणिक सापडतील. एखाद्या निवृत्त सेक्शन ऑफिसर काकांकडे चहाला जा. साहेबांच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं, असं विचारू नका. ते काकांना ठाऊक नसतं आणि साहेबांनाही नसावं. दौऱ्याचं टीए बिल कुणी अडवलं ते विचारा. काका संध्याकाळपर्यंत बोलतील.

हे मराठीत चालेल का, अशी धास्ती असेल तर नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (1997) वाचा. अंताजी हा कल्पित, साधा माणूस अठराव्या शतकातलं मराठ्यांचं राजकारण खालून बघतो आणि वर बसलेल्यांची गय करत नाही. माझ्या मते ढीगभर पोवाडेबाज कादंबऱ्यांपेक्षा त्यात पेशवाई जास्त कळते.

आता लिहायला बसा. राज्याभिषेकाचं प्रकरण मांडववाल्याच्या थकलेल्या बिलापासून सुरू करा. बिल पास झालं की नाही, हे मात्र शेवटच्या पानापर्यंत सांगायचं नाही.