स्टीलचा टंच

विट्याच्या गलाईवाल्याला दागिना दाखवून दिपवता येत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून मूस आणि तेजाब घेऊन देशभर पांगली. आज दिल्लीपासून केरळपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागल्या बोळात शिरा; जुनं सोनं गाळत बसलेला आणि मधूनच फोनवर ‘पाऊस झाला का गावाकडं?’ विचारणारा माणूस इकडचाच निघतो. त्याला नक्षी दिसत नाही. वजन दिसतं आणि टंच, म्हणजे सोन्याचा कस, दिसतो. तुमच्या पणजीची बोरमाळ त्याच्या लेखी अमुक ग्रॅम, अमुक टंच, घट वजा. पणजीचा भाव त्यात धरलेला नसतो.

या व्यवहारी लोकांत अलीकडे एक पोटजात निपजली आहे: शर्यतीच्या घड्याळांचे शौकीन. तालुक्याला एखाद-दुसरा सापडतोच. आमचे आबा त्यातले. उभी हयात दिल्लीत सोनं गाळलं, आता दुकान पोरांच्या ताब्यात देऊन विट्याला आलेत. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, कपाळाला अष्टगंध आणि डाव्या मनगटावर लालभडक तबकडीचं ओमेगा स्पीडमास्टर. शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा एक घडी जास्त दुमडलेली. कारण उघड आहे.

याची सुरुवात 30 ऑक्टोबर 2011 ला झाली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत होती. कुणा सराफानं उधारीच्या बदल्यात आबांना दोन तिकिटं दिली. आबा गेले ते उधारी वसूल करायला. पहिला आला फेटेल. पण आबांचा जीव जडला पाचव्या आलेल्या गड्यावर. शेजारच्यानं सांगितलं, हा मिशाएल शूमाकर, सात वेळा जगज्जेता, 91 शर्यती जिंकलेला, निवृत्त होऊन पुन्हा उतरलाय. पुढं आबा हा हिशेब आपल्या मापात सांगू लागले. “नरसिंग यादव तीनदा म्हाराष्ट्र केसरी, विजय चौधरी तीनदा. ह्यो गडी एकटा सातदा! आन् म्हातारपणी परत लांग चढवून आखाड्यात. मर्द हाय.”

मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की या मर्दाच्या नावाची घड्याळं मिळतात. शूमाकर 1996 मध्ये फेरारीत आला आणि त्याच सुमाराला ओमेगाशी जोडला गेला. त्या वर्षी ओमेगानं रंगीत तबकडीची छोटी स्पीडमास्टर काढली, त्यात एक लाल, एक पिवळी. पुढं त्याच्या नावाच्या, बुडावर क्रमांक कोरलेल्या लिमिटेड एडिशन आल्या. आबांनी आधी लाल घेतलं, मग पिवळं. “एक गुलालाचं, एक भंडाऱ्याचं,” असं त्यांचं स्पष्टीकरण. स्वित्झर्लंडच्या कारखान्यात जेजुरीचा विचार झाला असेल असं वाटत नाही, पण आबांपुढं हे बोलायची सोय नाही.

घरात पहिलं घड्याळ आलं तेव्हा काकूंनी ते उचललं, तळहातावर तोललं आणि एकच प्रश्न विचारला, “कितीचं हाय?” चार दशकं गलाईवाल्याबरोबर संसार केलेल्या बाईचा हा धंदेवाईक प्रश्न होता, तिला टंच हवा होता.

“स्टील हाय,” आबा म्हणाले.

“लोखंड?”

“स्टील.”

“मंजे लोखंडच की.”

तो विषय त्या घरात अजून मिटलेला नाही. सोन्यानं 2025 मध्ये तोळ्याला लाख ओलांडले त्या दिवशी काकूंनी ताटात भाकरीबरोबर हा हिशेबही वाढला, की त्या दोन लोखंडांच्या पैशात तेव्हा किती तोळे आले असते. आबा भाकरी कुस्करत राहिले. नंतर मला म्हणाले, “हिशेब बराबर हाय तिचा. म्हनून तर बोलता येत न्हाई.”

आता क्रोनोग्राफ म्हणजे काय, तर साध्या घड्याळाच्या पोटात बसवलेलं स्टॉपवॉच. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा पळतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. कडेच्या कड्यावर आकडे असतात, त्याला टॅकीमीटर म्हणतात. किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबा, पुढच्या दगडापाशी थांबवा; काटा ज्या आकड्यावर, तो ताशी वेग. छत्तीस सेकंद लागले तर 100, साठ लागले तर 60. आबा मायणी रस्त्याला गाडीत बसून हा प्रयोग करतात. अडचण अशी, की ते आकडे 500 पासून सुरू होऊन 60 वर संपतात. त्याच्या खालचा वेग कड्यावर लिहिलेलाच नाही. गळीत हंगामात पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर असला, की आबांचा काटा पूर्ण वेढा घालून पुढं निघून जातो आणि दगड काही येत नाही. “स्विस लोकानी हितला ऊस बघितला न्हाई,” आबा म्हणतात आणि बटण दाबून शून्यावर येतात.

खरी गंमत पुसेगावला. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत म्हणजे सातारा-सांगलीकरांचा मोठा सण. 2014 पासून शर्यती बंद होत्या, 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं वाट मोकळी केली, 18 मे 2023 ला घटनापीठानं शिक्का मारला. मधल्या उपासाची भरपाई आता चालू आहे. भाळवणीला 2023 मध्ये पहिल्या नंबराला थार गाडी होती. बैलांनी मोटारी जिंकायला लागल्यापासून आबांचं मोटारीवरचं आणि बैलावरचं प्रेम एकच झालंय. ते घड्याळ घालून मैदानाच्या कडेला उभे राहतात. झेंडा पडतो, जोड्या सुटतात, आबा बटण दाबतात.

आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो. पुणे जिल्ह्यात, मंचर-खेडकडं, घाटात एकेक गाडा सुटतो. तिथं निकाल सेकंदांवर लागतो आणि सेकंदाच्या तुकड्यासाठी भांडणं होतात. आपल्याकडं गटातल्या सगळ्या गाड्या आपापल्या चाकोरीतून एकदम पळतात. जो पुढं तो गटपास, मग सेमी, मग फायनल. सेकंद कुणी विचारत नाही. मी एकदा आबांना म्हणालो, “आबा, तुमचं घड्याळ मंचरला न्या.”

“तिकडं काम करावं लागंल त्येला,” आबा म्हणाले. “हितं मानानं ऱ्हातंय.”

त्यात ते बैलांकडं बघण्याच्या नादात दुसऱ्यांदा बटण दाबायचं विसरतात. फायनलचा गुलाल उधळून, बक्षीस वाटून, लोक पांगले तरी आबांच्या मनगटावर शर्यत चालूच असते.

या पोटजातीची सातारी शाखा निराळी आहे. सांगलीकडचा शौकीन घड्याळ घालून मिरवतो, सातारचा ते लॉकरात ठेवून मिरवतो. सदर बझारातले एक वकीलसाहेब या शाखेचे मुकुटमणी. त्यांच्याकडे डबी आहे, डबीची डबी आहे, वॉरंटी कार्ड आहे, मूळ पावती आहे आणि पावतीला लावलेली टाचणीसुद्धा आहे. कागदांशिवाय घड्याळाची किंमत पडते हे त्यांचं पहिलं कलम. वर्षातून एकदा, सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या सकाळी, लॉकरातली वस्तू मनगटावर चढते. यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या धावपटूंची वेळ साहेब रस्त्याकडेला उभं राहून घेतात. त्या प्रत्येकाला आयोजकांनी वेळ मोजणारी चिप दिलेली असते, पण साहेबांचा चिपवर विश्वास नाही. चिपला पावती नसते.

वकीलसाहेब आबांना बोचतात ते एकाच जागी. “आबासाहेब, तुमच्या लाल घड्याळाला नंबर कुठाय?” 1996 ची ती रंगीत घड्याळं क्रमांक घातलेली नाहीत. आबांच्या काळजात कळ येते. मग ते बदला घेतात तो इतिहासातून. क्रोनोग्राफचा जन्मच जत्रेतला, हा त्यांचा सिद्धांत. 1821 मध्ये पॅरिसला निकोला र्यूसेकनं घोड्यांच्या शर्यतीत तबकडीवर शाईचा ठिपका टाकणारं यंत्र लावलं होतं. “घोडी काय आन् खिलार काय!” त्यावर वकीलसाहेब घसा खाकरून सांगतात, की त्याआधी 1816 मध्ये लुई म्वानेनं असं यंत्र केलं होतं आणि तेही ग्रहतारे मोजायला. ही सुनावणी रोज रात्री फोनवर होते. तारीख पडत राहते.

एकदा मात्र व्यवहार झाला. वकीलसाहेबांकडं क्रमांक घातलेलं एक शूमाकर होतं आणि मुलीच्या लग्नामुळं ते निघणार होतं. दोघांना मध्ये पडतं म्हणून कराडच्या एका हॉटेलात बैठक ठरली. मी आबांचा ड्रायव्हर. वकीलसाहेबांनी हातमोजे घातले, डबीतली डबी काढली. आबांनी खिशातून सराफी भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बराच वेळ घड्याळाचं बूड वाचलं. शेजारच्या टेबलावर मिसळ खाणारी माणसं खायची थांबली. किंमत चारचौघांत बोलायची नव्हती. आबांनी हातरुमाल पसरला आणि खरसुंडीच्या बाजारात खोंड ठरवावं तसा हात रुमालाखाली घातला. वकीलसाहेब बिचकले. वकिली सारी कागदावर झालेली. बोटांची भाषा त्यांना येईना. त्यांनी तर्जनी धरली, आबांनी मान हलवली, त्यांनी अख्खा पंजा धरला, आबांनी हात झटकला. शेवटी वकीलसाहेबांनी काय धरलं देव जाणे, सौदा ठरला आणि आबांचा चेहरा फुलला. परतीच्या वाटेवर मी विचारलं, “स्वस्तात पडलं?” आबा म्हणाले, “महाग पडलं. पर कागद हायती.”

आबांना मोठ्या बाजाराची खबर असते. ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कला पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. नट असूनही तो मोटारी पळवायचा, म्हणून बायकोनं घड्याळाच्या पाठीवर ‘गाडी जपून चालव’ असं कोरून दिलं होतं. आबांनी हे कौतुकानं काकूंना सांगितलं. “द्या की हिकडं,” काकू म्हणाल्या, “मीबी कोरून देते, म्हैन्याचा हप्ता भर म्हनून.”

पण मे 2024 ची बातमी आबांनी घरात सांगितली नाही. शूमाकर डिसेंबर 2013 मध्ये बर्फावर पडला, तेव्हापासून लोकांसमोर आलेला नाही. त्याच्या घरच्यांनी त्याची आठ घड्याळं जिनिव्हात क्रिस्टीजच्या लिलावात काढली. त्यातलं एक फेरारीच्या जॉं तोदनं खास त्याच्यासाठी करवून घेऊन भेट दिलेलं. आबा दोन दिवस गप्प होते. मग मला म्हणाले, “त्येच्या घरच्यांस्नी निदान लिलाव ठावं होता. माझी पोरं मुशीत टाकतील.”

हे काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. “मुशीत टाकून काय गावनार हाय?” त्या म्हणाल्या. “लोखंड!”

आबांचा चेहरा त्यावर उजळला, हे मी पाहिलं. ज्या घरात मंगळसूत्रापासून देवाच्या टाकापर्यंत प्रत्येक वस्तूचा गाळभाव तोंडपाठ आहे, तिथं ही तीनच चिजा अशा, की गाळून कुणाला काही मिळणार नाही. उभ्या हयातीत आबांनी टंच न काढता घेतलेला हा एवढाच माल. मला विचाराल तर सौदा बरा केला.

पुसेगावच्या मैदानात पांढरा लेंगा आणि डावी बाही वर असलेला माणूस दिसला तर जरूर भेटा. नंबर विचारा, कागद आहेत का विचारा, चहा मिळेल. फक्त किती वाजले ते विचारू नका. तीनपैकी एकच घड्याळ मनगटावर असतं, बाकीची दोन घरी बंद पडलेली असतात, आणि जे मनगटावर आहे ते आबांनी कधी लावलेलं नसतं.